तीन ठोके आणि एक

आबांना कुणी हाक मारायचं नाही. मारून उपयोगच नव्हता. लष्करात रणगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून उभी हयात गेलेली, दोन्ही कान तिथेच राहिले होते. वारूळवाडीत ते आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मी फाटकात उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडलो. शेवटी त्यांच्या बायको, माई, हातात पळी घेऊन बाहेर आल्या आणि आबा बसले होते त्या लोखंडी खाटेवर त्यांनी दोन ठोके मारले. आबांनी उशाशी ठेवलेला पाना उचलून खाटेवर एक ठोका दिला आणि उठले.

"दोन म्हंजी पावणं आलं," माईंनी मला समजावलं. "तीन म्हंजी हातातलं टाका आन् या. त्यांचा एक आला का समजायचं, आलो."

ही भाषा आबांनी नोकरीतून आणली होती. शेवटची काही वर्षं ते लष्कराच्या एका संग्रहालयात होते. तिथे पहिल्या महायुद्धातला एक रणगाडा होता, शंकरपाळ्याच्या आकाराचा, अंगभर रिव्हेट मारलेला. आबा त्याच्याबद्दल बोलायला लागले की माझा चहा निवून जायचा. "आत मधोमध इंजन, मास्तर, आन् भवतीनं आठ माणसं. कानात वरडलं तरी ऐकू यायचं न्हाई. मंग काय करनार? ठोकायचं! लोखंडातनं हाताला कळतं."

त्या रणगाड्याचं इंजिन गंजून बसलं होतं. आबांनी दर शनिवारी त्यात रॉकेल आणि तेल सोडून दोन वर्षांत ते मोकळं केलं. सुरू होणार नव्हतंच, पण प्लग काढून हँडल मारलं की पाव फेरा फिरायचं. निवृत्तीनंतरही दर दसऱ्याला ते आळेफाट्याहून एसटी धरून जायचे, तेल सोडून पाव फेरा देऊन यायचे. "फिरतंय तवर जित्तं हाय," म्हणायचे. लोक दसऱ्याला सोनं वाटतात आणि तुम्ही तेल वाटता, असं मी चिडवायचो. ते माझ्या ओठांवरून बोलणं ओळखायचे आणि खो खो हसायचे.

मग माई गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. घरात ठोकणारं कुणी उरलं नाही. आबा खाटेच्या दांडीवर तळहात टेकवून तासन्‌तास बसून राहायचे. ते मला बघवेना, म्हणून मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं. लिहिताना लाज वाटते, पण केलं खरं.

त्या दसऱ्याला आबा संग्रहालयातून तसेच परत आले. नवा नियम होता, रणगाड्याच्या आत जायचं तर आधी लेखी अर्ज हवा. ते थेट माझ्या दारात. "मास्तर, यक अर्ज लिवून द्या. ती गेली. आता तेवढंच फिरतं ऱ्हायलंय माजं. वल खाऊन जाम व्हईल वो ते."

मी म्हटलं, उद्या लिहितो. जुन्नरच्या शाळेत मी मास्तर, अर्ज लिहिणं म्हणजे हातचा मळ. पण निवडणुकीची ड्युटी लागली, मग दहावीचे पेपर आले, मग आणखी काहीतरी. आबा दर चार दिवसांनी दारात. "झाला का?" उद्या नक्की. असे दोन पावसाळे गेले. शेवटी लिहायला बसलो तर अर्ज दहा मिनिटांत झाला आणि परवानगी आठ दिवसांत आली.

मी त्यांच्यासोबत गेलो. पाना आणि तेलाची बाटली घेऊन आबा बाजूच्या ठेंगण्या दारातून वाकून आत शिरले. मी आणि तिथला शिपाई बाहेर थांबलो. आधी लोखंड कुरकुरल्याचा आवाज आला, मग नुसत्या धापा, मग काहीच नाही. अर्धा तास गेला. शिपाई घड्याळ दाखवायला लागला. मी दारात तोंड घालून "आबा, आबा" असं ओरडलो आणि मग अक्कल आली. शिपायाच्या हातातलं कुलूप घेऊन मी पत्र्यावर तीन ठोके मारले. उत्तर नाही. पुन्हा तीन मारले. बऱ्याच वेळाने आतून एक ठोका आला.

आबा बाहेर आले तेव्हा त्यांचे तळहात सोलवटले होते. "जाम झालं," एवढंच म्हणाले. मी माफी मागायला लागलो, पण ते माझ्या ओठांकडे बघेनात. वारूळवाडी येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे तोंड केलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी खाट धरली. पेठ गावी दिलेली त्यांची लेक आली, तिने हातापाया पडून पाहिलं, पण आबा घासभरही खाईनात. शेवटच्या सकाळी खाटेपाशी ती आणि मी, दोघंच होतो. आबांचे डोळे मिटलेले. पाना उचलायचं बळ नव्हतं, पण त्यांचा हात दांडीकडे सरकला आणि बोटाच्या पेराने त्यांनी एक ठोका मारला.

लेकीने दचकून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमी ठोकलं व्हतं का?"

मी नाही म्हटलं. तिनेही ठोकलं नव्हतं.