आबांची दुसरी तपासणी

माझे वडील हंबीरराव, त्यांना आम्ही आबा म्हणतो. मुरगूडजवळच्या आमच्या गावात त्यांच्याएवढा मोठ्या आवाजाचा माणूस नाही. बिथरलेल्या रेड्याच्या वेसणीला हात घालताना मी त्यांना पाहिलंय. त्यामुळे मागच्या दिवाळीनंतर दवाखान्यातून फोन आला आणि ते गोठ्यात जाऊन बसले, तेव्हा मला आधी हसू आलं. मग दिसलं, म्हशी हंबरत होत्या आणि वैरण अजून त्यांच्या हातातच होती.

तीन वर्षांपूर्वी आबांचे थोरले भाऊ, गणपतराव काका, आतड्याच्या कॅन्सरनं गेले. एकोणपन्नास वर्षांचे होते. रक्त जातंय हे ते कुणाला बोललेच नव्हते, मूळव्याध समजून घरीच झाडपाला खात राहिले. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तेव्हाच आबांचीही दुर्बिणीनं तपासणी केली. आतड्यात मुगाएवढा मांसाचा कोंब, पॉलिप, निघाला. तो त्यांनी काढून टाकला आणि म्हणाले, "हा कॅन्सर नाही. पण कॅन्सर अशाच कोंबातून होतो. तीन वर्षांनी परत यायचं, चुकवायचं नाही."

तीन वर्षं झाली. दवाखान्यातल्या अनुजा सिस्टर फोन करायच्या आणि आबा तारीख पुढं ढकलायचे. कधी म्हैस व्यायला झालेली, कधी उसाला तोड आलेली.

"मला काय धाड भरलीया? दोन भाकऱ्या जास्तच खातोय की!" एकदा ते माझ्यावर ओरडले.

"काकांनाबी काय झालं नव्हतं," मी म्हटलं.

आबा ताटावरून उठले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी शालूबाई काकींकडे गेले. गणपतराव काकांच्या त्या बायको, दोन घरं सोडून राहतात.

त्या दुपारी आल्या आणि सोप्यात आबांच्या समोर बसल्या. "भावजी, किती दिवस ढकलणार हायसा?"

आबा खाली बघत म्हणाले, "वैनी, भ्या वाटतंय. त्या टेबलावर आडवं झालं की मला थोरलाच दिसतोय. काय सापडलं म्हंजे?"

काकी म्हणाल्या, "मला ठावं हुतं."

"काय?"

"त्येंच्या लेंग्याला रक्ताचं डाग असायचं. आठ म्हैनं मी धुतलं. इचारायची लाज वाटली. त्येंनी सांगितलं न्हाय, मी इचारलं न्हाय." पदर तोंडाशी धरून त्या थांबल्या. "आजपतोर कुणाला बोलली न्हवती."

आबांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमी येतासा न्हवं संगं?"

तपासणीच्या दिवशी पहाटेपासून पोट साफ करायचं औषध पाण्यातून प्यायचं होतं. खारट, बुळबुळीत. चौथ्या ग्लासाला आबा परसदारच्या पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "क्रांते, काय वंगाळ निघालं तर मला लगेच सांगू नका." ग्लास संपवला आणि म्हणाले, "न्हाय. लगेच सांगा."

दवाखान्यात त्यांना आत नेलं तेव्हा जेमतेम दहा वाजले होते. बाकावर काकींनी माझा हात धरला. दार उघडलं, अनुजा सिस्टरनी "हंबीररावांचे नातेवाईक?" असं विचारलं. काकीच पुढं झाल्या.

दोन कोंब निघाले होते. एक शेंगदाण्याएवढा. काढलेले तुकडे तपासायला पाठवले. निकालाला आठ दिवस.

ते आठ दिवस आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. आबा धारा काढायचे, दूध घालून यायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. फोन वाजला की आधी माझ्याकडं बघायचे.

निकालात कॅन्सर नव्हता. पण डॉक्टर म्हणाले, "मोठा कोंब बिघडायच्या वाटेवर होता. वेळेत आलात. आता परत तीन वर्षांनी." आणि कागद ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "वारलेल्या भावाला मुलं आहेत?"

"एक ल्योक हाय," काकी म्हणाल्या. "पृथ्वीराज. कबनूरला कापडाच्या लूमवर असतोय. ह्या साली अठ्ठावीसचा झाला."

"आत्ता नको. पण चाळिशीच्या आत त्याची पहिली तपासणी झालीच पाहिजे. आणि रक्त दिसलं, तर त्याच दिवशी यायचं. घरातल्या मुलींनाही हेच."

काकी एकदम खुर्चीत मागं टेकल्या. मुली म्हणजे मी. हे मलाही तोवर सुचलं नव्हतं.

दवाखान्याच्या बाहेर येताच आबांनी पृथ्वीराजदादाला स्पीकरवर फोन लावला. पलीकडं मागांची खडखड चालली होती. दादा हसत म्हणाला, "काका, मला काय बी होत न्हाय."

मला वाटलं आबा आता ओरडणार. ते ओरडले नाहीत. "मीबी असंच म्हणत हुतो," ते म्हणाले. "लई भ्या वाटतंय रं मला. आजबी वाटतंय. पर लाजू नगंस. कवाबी काय दिसलं तर आधी मला सांग, मी येतो तुझ्यासंगं."

खडखड हळूहळू लांब गेली. दादा बाहेर आला असावा. "व्हय," तो म्हणाला. मग त्यानं आपल्या वडिलांबद्दल विचारलं, "काका, अण्णांना पहिल्यांदा काय दिसलं हुतं?"

आबांनी काकींकडं पाहिलं. काकींनी हात पुढं केला आणि फोन घेतला.