परदेशाचं पान

डिलाईल रोडच्या मोफत वाचनालयात वर्तमानपत्रं उतरत्या फळीला अडकवलेली असतात. ती उभ्यानं वाचायची आणि शेजारच्याला विचारल्याशिवाय पान उलटायचं नाही, असा तिथला रिवाज. परदेशाच्या पानाशी मला रोज सकाळी एक म्हातारे भेटायचे. ओळीखाली बोट फिरवत वाचायचे. आम्ही खूप वाद घातले, पण एकमेकांची नावं कधी विचारली नाहीत.

"एआय सगळ्या नोकऱ्या खाणार," मी म्हणायचो.

"आमच्या गिरण्या काय एआयनं खाल्ल्या?" ते हसायचे.

आखातात युद्ध पेटलं तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "होऊन जाऊ दे एकदाचं! तेल महागलं की लोक आपोआप विजेच्या गाड्या घेतील."

त्यांचं बोट थांबलं. "लांबून बरं वाटतं ओ, साहेब. माझी पोरगी तिथं नर्स आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "तिकडून येणारी विमानं सुरू झाली काय, जरा मोबाइलवर बघता?"

कालचं मला अजून डाचत होतं. "बॅटरी उतरलीय," मी म्हणालो. साफ खोटं.

"बरं, असू दे," म्हणून ते गेले, ते पुन्हा आलेच नाहीत.

हे मी आजवर घरीही बोललो नाही. विमानं केव्हाच सुरू झाली. मी अजून जातो, पण वाचण्यापेक्षा दाराकडेच बघत असतो. त्यांनी एकदा यावं, पोरगी सुखरूप आली एवढं सांगावं, आणि मग वाटल्यास चारचौघांत मला चार शिव्या घालाव्यात.