गजाचे पाय

पालमच्या साइटवर खड्ड्यात उतरले आणि ओल्या, गंजक्या लोखंडाच्या वासानं वालूरची सकाळ आठवली. माझी पहिली नोकरी. नारळ फुटला होता, काँक्रीट कालवायला घेतलं होतं. कॉलमचे गज मीच सरळ कापून घेतले होते. खालच्या जाळीवर टेकणारा काटकोनातला पाय ठेवायचा विसरले होते.

गज उभे करताना गज वाकवणाऱ्या हमीदचाचांच्या ते ध्यानात आलं. ते सरळ जाळीवर बसले, काँक्रीट ओतू देईनात.

"मालक, चूक माझी हाय. बिनपायाचा गज काळ्या मातीत उभा करू न्हाई. नवे वाकवतो, दुपारपर्यंत थांबा."

मालक त्यांना लय बोलले. माझी नोकरी वाचली.

आज नव्या इंजिनिअर पोरीकडून तेच झालं. मालक येताना दिसले, तशी मी जाळीवर बसले.

"मालक, चूक माझी आहे."