गोफणीपासून एक घर लांब

त्या रविवारी दुपारची जेवणं झाली आणि आम्ही दोघं नवराबायको राक्षस मारायला बसलो. आम्ही सोबत केलेलं शेवटचं काम ते. त्याच्या नंतर चहा झाला, पण चहा तिनं एकटीनं केला, मी निस्ता पिलो. म्हणून मी राक्षसालाच शेवटचं धरतो.

राक्षस खेळातले. हा खेळ आमच्या सुनेनं घरात आणला. ती अहमदपूरला शाळेवर शिकवती. लातूरला कॉलेजात होती तव्हा होस्टेलवर पोरीपोरी मिळून खेळायच्या म्हणं. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरायचं. आपण कोण, ते आपणच ठरवायचं. समोर चौकोन आखलेला मोठा कागद. एका चौकोनाला एक घर म्हणायचं. सून सांगणार, खिंडीतून तिघं आले, काय करता? आपण सांगायचं, मग वीस तोंडांचा फासा टाकायचा. फाशानं मानलं तर झालं, न्हाई तर मार खायचा.

मी काही हौसेनं बसलो न्हाई. गुडघे गेले, रान बटईनं दिलं आणि चाकूरकडचं गाव सोडून आम्ही पोराकडं राहायला आलो. बायकोला इथं आल्या दिवसापासून काम होतं. भाकरी, लोणचं, गल्लीतल्या बायांचे लेकरं न्हाऊ घालणं. मला खुर्ची होती. पोरगा सकाळी म्हणायचा, बाबा तुम्ही बसा. संध्याकाळी घरी आला की म्हणायचा, बाबा तुम्ही उठू नका. ह्या घरात माझी गरज कुठं हाय, तेच मला कळंना. सुनेला ते दिसलं असंल. तिनं माझ्या हातात फासा दिला.

मी पहिलवान झालो. हातात कुऱ्हाड. बायकोनं विचारलं, "गोफण चालती का ग?"

"चालती की आत्याबाई," सून म्हणली.

कागदावर माझी शर्टाची गुंडी आणि तिचा चिंचोका. झाला खेळ सुरू.

आणि माझी तिथं पण खुर्चीच झाली. राक्षस दिसले की ही लांबून दगड सोडायची. माझी गुंडी एकेक घर सरकत तिथं पोचायची तव्हर सगळे खलास. मी कुऱ्हाड खांद्यावर टाकून माघारी. चार रविवार असंच चाललं.

"मी येतो कशाला?" मी म्हणलं. "मढे मोजायला?"

"मोजा की. चौथीपर्यंत शिकलाव ना," बायको म्हणली.

सून म्हणली, "मामा, बरोबर हाय तुमचं. लांबून मारणारा आणि जवळून मारणारा, दोघांचं वजन सारखं पाहिजे. मी काही तरी करते."

तिनं पहिल्यांदा दगडाचा जोर कमी केला. बायकोला राग आला. "माझ्या गोफणीचा दगड हाय का बोराची बी?" मग सुनेनं दगडं मोजून द्यायचं ठरवलं. बायको म्हणली, "रानात दगडाला काय तोटा? ह्यांचा जल्म गेला वेचता वेचता, संपले का?" ते पण बारगळलं. मग सुनेनं मला घोडा दिला. मी घोडा सोडला तो थेट राक्षसाच्या मधी. एकटाच. चहूकडून वेढा पडला, घोडा मेला आणि मी पण आडवा झालो. तीन पाळ्या मी निस्ता निजून होतो. बायकोनं एकेक दगड मारून मला सोडवलं आणि वरून बोलली, "घरात गुडघे धरून बसता, हितं कुठली वरात चालली होती?"

मला लई लागलं ते. हसलो मी, पण लागलं.

पुढच्या रविवारी मी मनाशी ठरवून बसलो. कुठं जायचंच न्हाई. बिलकुल हिच्या शेजारच्या घरात उभं राहायचं. जे येईल ते येईल. मी गुंडी उचलली आणि चिंचोक्याला चिटकून ठेवली.

ही गोष्टीत पार शिरलेली. उजवा हात डोक्यावर उचलला आणि डाव्या कोपरानं मला खरंच ढोसलं. "आवं, सरका तिकडं. गोफण फिरवायलीय."

सून हसत सुटली. मला मात्र हसू आलं न्हाई. माझा हात माझ्या भुवईवर गेला.

तिथं एक खूण हाय. लग्नाच्या पहिल्या साली ज्वारी हुरड्यात आली होती. ही माळ्यावर उभी राहून पाखरं हाकायची. मी भाकरीचं फडकं घेऊन गेलो आणि न सांगता सवरता मागून वर चढलो. नवी बायको, मला वाटलं गंमत करावी. तिनं फिरवलेली गोफण माझ्या भुवईवर बसली. रक्त निघालं. तिनं पदरानं दाबून धरलं आणि तेच म्हणली होती, "आवं, सरका. फिरवायलीय ते दिसत न्हाई का?" तव्हाच तिचं माझ्यासंग बोलणं सुरू झालं. त्याच्या आधी निस्ती मान हलवायची.

हे मी सुनेला सांगितलं. ती हसायची थांबली आणि कागदावरची घरं मोजली. मग म्हणली, "ठरलं. गोफण फिरवायला जागा लागती. आत्याबाईच्या शेजारच्या घरात कोणी पण आलं, राक्षस असो का मामा, की गोफण बंद. एक घर मोकळं पाहिजे."

"आणि राक्षस येऊन चिटकला तर?" बायकोनं विचारलं.

"म्हणून तर मामा. त्यांनी एक घर सोडून पुढं उभं राहायचं आणि कोणाला तुमच्यापाशी येऊ द्यायचं न्हाई. मारलं तर मारलं. पण अडवायचं."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. "जमंल का?"

"गुडघ्याचा काय संबंध? उभंच तर राहायचं हाय."

त्या दिवसापासून खेळाला रंग आला. मी पुढं अडवायला, ती मागं. माझ्या अंगावर चौघं तुटून पडायचे आणि डोक्यावरून तिचा दगड यायचा. कधी मी दोन पाळ्या दम धरला की ती म्हणायची, "हां, असं ऱ्हावा." एवढंच. पण जन्मात तिनं मला रानातल्या कुठल्या कामाला असं म्हणलं नव्हतं. एकदा मी पडता पडता वाचलो, तर तिनं खरा निःश्वास सोडला. गल्लीतल्या बाया विचारायच्या, रविवारी तुम्ही दार लावून काय करता? ती सांगायची, "आमचे मालक राक्षस अडवायलेत."

ह्या सुनेचे मी उपकार मानतो. लोकं म्हातारपणी सुनेच्या तक्रारी सांगतात, मला सांगायला तक्रार न्हाई. ह्या वयात नवराबायकोला भांडायला तिनं नवीन जागा दिली. जुनी भांडणं आमची कव्हाच झिजली होती.

तर तो रविवार. किल्ल्याचं दार. डुकराच्या तोंडाचे पाच राक्षस, त्यातले दोन पडलेले. मी दारात. एक घर मोकळं, त्याच्या मागं चिंचोका. पाळी तिची होती. तेवढ्यात दुधवाला आला. ती उठली.

"अगं, पाळी तर टाक," मी म्हणलं.

"उद्या मारते. कुठं पळून जायलेत ते? तुम्ही हाव की अडवायला."

सुनेनं कागद होता तसा पाटासकट उचलून खिडकीत ठेवला.

संध्याकाळी पीठ मळता मळता बायको भिंतीला टेकली. परातीत हात तसेच. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. लेक लोह्याला दिलेली, तिची वाट बघायची म्हणून सकाळी न्यायचं ठरलं.

सकाळी घर माणसांनी भरलं. बाहेर ओसरीत तिला हिरवं लुगडं नेसवायले होते. आतली जागा मोकळी करायला सतरंज्या गुंडाळायचं चाललं होतं. शेजारच्या एका बाईनं खिडकीतल्या पाटाला हात घातला. सून म्हणली, "ते राहू द्या." तिनं पाट उचलून माझ्यासमोर खुर्चीवर ठेवला. डोळे सुजलेले तिचे.

"मामा, आत्याबाईची पाळी राहिली. फासा मी टाकू का?"

"नको," मी म्हणलं. "तिची पाळी तिची."

कागदावर राक्षस उभेच होते. मी माझी गुंडी दारातून उचलली. मोकळ्या घरावरून मागं आणली आणि चिंचोक्याला चिटकून ठेवली.

"तिथं ठेवल्यावर गोफण फिरत न्हाई मामा," सून हळूच म्हणली.

"माहीत हाय," मी म्हणलं. थोडा वेळ थांबलो. कोणी सरका म्हणलं न्हाई. मग उठून बाहेर तिच्याकडं गेलो.