पंधरवड्यातल्या तीन मॅच

आमच्या ह्यांना फुटबॉलचं वेड होतं. क्रिकेटचं वेड असलेले नवरे पुण्यात पुष्कळ. हे माझ्या वाट्याला आले. खडकीला एका कारखान्यात नोकरी होती आणि तिथल्या संघात ते गोलकीपर. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी एकदा बघायला गेले होते. सगळे पळत होते आणि हे एकटे उभे. मी घरी येऊन म्हटलं, "तुम्हाला काही काम देत नाहीत वाटतं." ते दोन दिवस बोलले नाहीत.

रिटायर झाल्यावर टीव्हीवर विलायतेतल्या मॅच बघायचे. शनिवारी जेवणाचं ताट तिथेच लागायचं. तिथे जाऊन एक तरी मॅच मैदानात बसून बघायची, एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यात बोलून दाखवली. गाडी, अंगठी, बंगला, कशाबद्दल कधी चकार शब्द नाही. मी दर वेळी म्हणायची, बघू.

मग डोळे बिघडले. साखर जुनीच होती. डावा डोळा गेल्यातच जमा होता, उजव्यात इंजेक्शनं चालू होती. जूनमध्ये डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले, "काका, जे बघायचं असेल ते आता बघून घ्या. उजवा किती दिवस साथ देईल, मी सांगू शकत नाही." मी ते ऐकलं. नाही ऐकलं असं मी म्हणणार नाही.

त्याच महिन्यात तिकडच्या मॅचचं वेळापत्रक आलं. मुलानं ते कॉम्प्युटरवरून मोठ्या अक्षरांत छापून आणलं. हे भिंग घेऊन आठ दिवस त्यावर बसले होते. मॅच कधी, कुठल्या गावी, एका गावाहून दुसऱ्या गावी रेल्वेनं किती तास, सगळं वहीत. शेवटी बेत ठरला. सप्टेंबरात दहा दिवस, तीन मॅच. शनिवारी एक, मधल्या बुधवारी एक, परत शनिवारी एक. थंडी पडायच्या आत परत. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तीन तारखांना लाल पेन्सिलीनं गोल केले आणि मला बोलावलं.

मी चौथी शिकलेली. पण कॅलेंडर मला वाचता येतं. तिन्ही गोल पितृपंधरवड्यात होते.

"अहो, ह्या दिवसांत कुणी प्रवासाला निघतं का? आणि सासूबाईंची तिथी? ती कोण करणार?"

"मुलगा करेल."

"तुम्ही असताना?"

"आई मला मैदानावरून कान धरून घरी आणायची. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, जा बाबा एकदाचा."

"त्या काय म्हणाल्या असत्या ते मला नका सांगू. मी त्यांच्याबरोबर बावीस वर्षं काढलीत."

मुलगा मध्ये पडला. "आई, तिकडचे लोक पंचांग बघून वेळापत्रक लावत नाहीत गं."

"नसतील लावत. आपण बघतो."

पंधरवडा संपला की आमच्याकडे घट बसतात. घट सोडून जाता येत नाही. मग दसरा, मग दिवाळी. मी म्हटलं, भाऊबीज झाली की निघू, तेव्हा काय मॅच नसतात? होत्या. हे परत भिंग घेऊन बसले. लाल गोल खोडले आणि नोव्हेंबरात तीन नवे केले. मला वाटलं, दोन महिन्यांनी काय फरक पडतो. मला खरंच तसं वाटलं.

सासूबाईंची तिथी नीट झाली. खीर, वडे, सगळं साग्रसंगीत. कावळाही लगेच शिवला. त्याचं मला समाधान वाटलं होतं, तेही लिहून ठेवते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही मंडईत झेंडू घेत होतो. हे म्हणाले, "आज धूर फार आहे गं." धूर नव्हता. लख्ख ऊन होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते उजव्या डोळ्यासमोरून हात फिरवत होते, कोळिष्टक बाजूला करावं तसा. फुलं तिथेच टाकून रिक्षानं दवाखाना गाठला. डोळ्यात आत रक्त उतरलं होतं. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. उजेड कुठल्या खिडकीतून येतोय एवढं कळायचं, बाकी काही नाही.

तिकिटं हातात होती. मुलगा म्हणाला, "बाबा, जाऊ या तरी. तिथलं वातावरण अनुभवाल."

"वातावरणाला स्वारगेट काय वाईट आहे? तिथेही लोक ओरडतातच."

मी म्हटलं, "मी शेजारी बसून सांगेन काय चाललंय ते."

"तू? तू गोलकीपरला काम नसतं म्हणणारी."

तिघंही हसलो. मग त्यांनी मुलाला सांगितलं, रद्द कर. आवाज अगदी साधा होता, दुधाचा रतीब बंद करायला सांगावं तसा.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. टीव्हीवरची मॅच ऐकायचे. मला एकदाही बोलले नाहीत की तुझ्यामुळे राहिलं. नातेवाईक म्हणायचे, किती देवमाणूस. मला ते सहन व्हायचं नाही. बोलले असते तर मी भांडले असते. पंचांग काढलं असतं, सासूबाईंना मध्ये आणलं असतं. भांडायला मला कधीच कमी पडलेलं नाही.

एका दुपारी मीच म्हटलं, "अहो, माझ्यामुळे राहिलं तुमचं."

ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, "हो."

मी वाट बघत थांबले. पुढे काही बोलतील असं वाटलं. मग त्यांनी विचारलं, चहा होतोय का. मी उठले आणि चहा टाकला.