नावाचा रिकामा रकाना

परवा नातवाने फोनवरचा एक फोटो माझ्या नाकापुढे धरला. "आजी, इज दिस द स्टेशन?" मी चष्मा पुसून बघितलं. पाटीवरचं नाव तेच होतं. बाकी काही म्हणजे काही तेच नव्हतं. लाकडी इमारत गेली, तिथे काचेची खोली आली. तिकीट तपासायला माणूस नाही, नुसतं यंत्र.

आता हे अमेरिकेत वेस्ट विंडसरला राहणाऱ्या म्हातारीचं जपानातलं स्टेशन कुठून आलं, तर सांगते. लग्नानंतर दोनच वर्षांत ह्यांना कंपनीने जपानला पाठवलं. टोकियोपासून तासाभरावर एक उपनगर होतं, तिथे आम्ही राहायचो. स्टेशन एवढंसं, आपल्या एखाद्या पोस्ट ऑफिसाएवढं. मूळ ते माणसांसाठी बांधलेलंच नव्हतं म्हणे. नदीतली वाळू आणि खडी वाहून न्यायला तो रूळ टाकला होता. पुढे वाळू संपली, तुतीची शेतं होती तिथे घरं उठली, आणि मालगाडीच्या स्टेशनात माणसं चढायला लागली. हे मला शेजारणीने सांगितलेलं. मोडकं इंग्रजी बोलायची ती, पण माझ्यापेक्षा बरं.

त्या स्टेशनात दाराशी एक काळा फळा होता. निरोपांचा फळा. तेव्हा मोबाईल कुठले? ज्याला चुकामूक टाळायची तो खडूने लिहून जायचा. चार रकाने आखलेले: वेळ, कोणासाठी, निरोप, कोणाकडून. काही तास झाले की स्टेशनातला माणूस पुसून टाकायचा. आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून मीही लिहायची. मराठीतच. 'किल्ली शेजारी आहे.' 'येताना बटाटे आणा.' दोन्ही नावांचे रकाने मात्र मी रिकामे सोडायची. ह्यांचं नाव मी तोंडाने घेत नव्हते, मग हाताने कशी लिहू?

हे हसायचे. "अगं, लिही की नाव! इथे कोणाला वाचता येतंय?"

"मला येतंय ना," मी म्हणायची.

पांढरे हातमोजे घालणारा एक म्हातारा होता स्टेशनात. त्याला माझं अक्षर ओळखीचं झालं होतं. नाव नसलं तरी माझी ओळ तो राखायचा. मी दिसले की वाकून नमस्कार करायचा, मीही वाकायची. सहावा महिना लागल्यावर वाकवेना, तर तोच दुप्पट वाकायचा.

त्याच महिन्यात एके दिवशी दुपारी मला रक्तस्राव सुरू झाला. शेजारीण धावत आली. टॅक्सी स्टेशनासमोरच मिळायची, म्हणून तिथवर मला धरून नेलं. ऑफिसचा नंबर घरी वहीत राहिला होता. टॅक्सीचं दार उघडं, आणि मी फळ्याशी जाऊन लिहिलं: 'दवाखान्यात नेत आहेत, लगेच या.' दवाखान्याचं नावही लिहिलं. माणसाचं नाव नाही लिहिलं. एवढ्या घाईत, एवढ्या भीतीतही हात त्या रकान्याकडे गेला नाही.

मुलगा झाला. संध्याकाळपर्यंत श्वास चालला त्याचा. शेजारीण रात्रभर माझ्यापाशी थांबली, त्यामुळे घरी ह्यांना सांगायला कोणी नव्हतं. ती सकाळी परत गेली तेव्हा ह्यांना कळलं. हे आले तोवर दवाखान्यातली माणसं त्याला घेऊन गेली होती.

पुढे काही दिवसांनी स्टेशनात गेले, तर तो म्हातारा शेजारणीमार्फत माफी मागायला लागला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. त्याच्या जागी आलेला माणूस नियमाचा पक्का, रकाना रिकामा दिसला की ओळ पुसायची. दोन अक्षरं नुसती खरडली असती तरी चाललं असतं. मराठी त्याला थोडीच वाचता येणार होती?

हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही. ह्यांनीही कधी विचारलं नाही. अमेरिकेत आलो, इथे दुसरा मुलगा झाला, तो वाढला, त्याचं लग्न झालं. पण बापाला लेकाचं तोंड दिसलं नाही ते माझ्यामुळे, हा दगड पोटात तसाच.

परवा तो फोटो बघितला आणि वाटलं, आता फळाही गेला, उद्या आपणही जाऊ. सांगून टाकावं. हे खिडकीशी बसले होते. ऐकू कमी येतं, मशीन लावत नाहीत. त्यामुळे जे चाळीस वर्षं कुजबुजलेही नव्हते, ते मला ओरडून सांगावं लागलं. "अहो, मी नाव लिहिलं नव्हतं! म्हणून पुसलं त्यांनी!"

सूनबाई हातात पळी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला तर असं मूल होतं हेच ठाऊक नव्हतं.

ह्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "पुसलं होतं की नव्हतं, मला काय माहीत. मी फळ्याकडे बघितलंच नाही."

"म्हणजे?"

"सकाळी भांडून गेलो होतो ना तुझ्याशी. म्हटलं, असेल काहीतरी, बटाटे नि कांदे. मान खाली घालून बाहेर पडलो. तू लिहिलं असशील हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

हलकं वाटेल असं वाटलं होतं मला. खोटं कशाला सांगू, राग आला. ह्या वयात, एवढा राग. माझी चूक मी एकटीने जपली होती, तीही आता धड माझी राहिली नाही. नातू आमच्याकडे टकमक बघत होता. "मॉम, व्हॉट हॅपन्ड?" सूनबाईने त्याला वर पिटाळलं आणि माझ्या पायाशी खाली बसली.

"आई, कसा होता तो दिसायला?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कोण? मी सांगितलं. जावळ भरपूर होतं, काळंभोर. कानाची पाळी अजून चिकटलेलीच. बोटं लांब, ह्यांच्यासारखी. मूठ मिटून माझं बोट धरलं होतं, पण जोर नव्हता. 

हे पुढे सरकून बसले होते. किती ऐकू गेलं देव जाणे.

"रडला होता का गं?"

"एकदाच," मी म्हटलं.