मागून चढणारे आजोबा

उशिरा येण्याच्या बाबतीत आमच्या शेजारच्या कँटोनीज बोलणाऱ्या चिनी आजोबांइतका वक्तशीर माणूस अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या बॉथेल गावात सापडायचा नाही. लिफ्ट आली की सगळ्यांना आत घालणार, स्वतः शेवटी दाराला पोट लावून उभे राहणार, आणि दार उघडताच सगळ्यांच्या आधी पसार! बाल्कनीतले टोमॅटो मी मार्चमध्येच लावून थंडीत मारतो. आजोबा जूनमध्ये हलतडुलत लावतात आणि उन्हाळा सरताना माझ्याच दारात पिशवीभर ठेवून जातात. वर ऐकवतात, "आमच्यात म्हणतात, उशिरा आलेला आधी किनाऱ्याला उतरतो." कानामागून आली नि तिखट झाली, असं आपणही म्हणतोच, पण आपल्या म्हणीत जळफळाट फार. तो माझ्यात तर उपजतच आहे, वर घाईही. विमानतळावर चार तास आधी पोचून चुकीच्या गेटवर झोपणारा माणूस मी!

त्यांच्या नातीचं लग्न खाडीपलीकडच्या एका बेटावर होतं. त्यांच्यात नवरी वडीलधाऱ्यांना चहा देते, आणि आजोबा आल्याशिवाय चहा ओतणारच नाही, असं तिने बजावलेलं. त्यांना वेळेवर पोचवायची जबाबदारी मी हौसेने अंगावर घेतली. तासभर आधी धक्क्यावर नेलं. चढायला-उतरायला एकच दार असलेली छोटी फेरीबोट लागताच धावत जाऊन पार आतल्या कोपऱ्यातल्या दोन सीट्स धरल्या. आजोबा शेवटी चढले आणि दारातच रेलले.

"अंकल, सीट धरलीय!"

"छान. आराम कर."

बेट आलं. आजोबा पहिले उतरले. मी दोन बाबागाड्या आणि एका सायकलीच्या मागे अडकलो. बाहेर येतो तो लग्नाच्या हॉलकडे जाणारी बस सुटायच्या बेतात, आणि आजोबांचा एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. ड्रायव्हर वैतागलेला.

"माझा मित्र येतोय," आजोबा त्याला समजावत होते. "फार लवकर निघाला ना, म्हणून वेळ लागतोय."

बसमध्ये मी विचारलं, "ही युक्ती शिकवली कोणी?"

"बायकोने. माझ्यामागून किती वर्षांनी अमेरिकेत आली! पण इंग्रजी माझ्याआधी बोलायला लागली, गाडी माझ्याआधी चालवायला लागली." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गेलीसुद्धा आधीच."

हॉलमध्ये नातीने पहिला कप भरला. आजोबांनी दोन्ही हात पुढे केले. ती त्यांना ओलांडून गेली आणि शेजारच्या खुर्चीवरच्या आजीच्या फोटोपुढे तिने तो ठेवला.

आजोबा माझ्या कानाशी वाकले. "बघितलंस? आजही तीच आधी."

मग त्यांचा कप आला. तो ते इतका सावकाश प्यायले की चहा पार निवला. घाई करा म्हणायला मी तोंड उघडलं होतं. मिटलं.